कमानीच्या वरचा मजला

चीर पहिल्यांदा दिसली तेव्हा तनयला वाटलं, केस आहे. ऋचाचा. रंग देताना चिकटला असेल भिंतीला. तो स्टुलावर चढला आणि नखाने ओढायला गेला. नख आत अडकलं.

केसात नख अडकत नाही.

तो खाली उतरला, हात झटकले आणि कुणाला काही बोलला नाही. नवीन रंग आहे, वाळताना तडकतो, असं त्याने स्वतःलाच समजावलं. पण त्या दिवसापासून सोफ्यावर बसला की नजर तिथेच. कमानीच्या वर, उजव्या कोपऱ्यात.

कमान ऋचाची. म्हणजे खरं तर सिनेमाची. बेंगळुरात येलहंक्याच्या बाजूला बारा मजली नवी इमारत, तिच्यात दुसऱ्या मजल्यावर या नवरा-बायकोचं घर. किल्ली हातात आली त्या दिवसापासून ऋचाच्या डोक्यात एकच होतं, तो सिनेमा आणि त्यातलं ते घर. सिनेमाची गोष्ट तिला कधीच महत्त्वाची नव्हती. हिरॉईन धाय मोकलून रडतेय आणि ही ओरडतेय, "पॉज कर, पॉज कर! मागचा पडदा बघू दे." फोनमध्ये स्क्रीनशॉटचा वेगळा फोल्डर. पडद्याचं कापड चिकपेटच्या बाजारात सापडलं. हिरवा रंग हवा तसा येईपर्यंत दुकानदाराने हात टेकले. झोपाळा आला, पितळी दिवे आले. राहिली कमान. सिनेमात हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये भिंतच नाही, ही मोठी कमान आहे. ती पोळ्या लाटते, तो झोपाळ्यावरून बघतो. यांच्याकडे नेमकी तिथे भिंत.

"भिंतच तर आहे बे," जितेंद्र म्हणाला.

जितेंद्र तनयचा कॉलेजचा मित्र, नागपूरचा. आयटी सोडून इंटिरियर करायला लागला होता. सिनेमातली घरं लोकांच्या घरात करून द्यायची, हाच त्याचा धंदा, आणि तो जोरात चालला होता. तनयलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पुण्याला त्याच्या आईबाबांनी स्वयंपाकघराची भिंत काढली होती. चार इंची विटा, दुपारपर्यंत साफ. भिंत म्हणजे विटा, एवढंच त्याला ठाऊक.

सोसायटीला विचारलं नाही. "विचारलंस तर नुसत्या मीटिंगा होतील बाप्पा," जितेंद्र म्हणाला. सलग सुट्ट्या बघितल्या, अर्धी इमारत गावाला गेलेली, आणि मशीन लावलं. भिंत फुटता फुटेना. "लय कडक माल वापरला बे तुमच्या बिल्डरनं!" जितेंद्र घाम पुसत म्हणाला, आणि तनय-ऋचाला अभिमान वाटला. आतून सळया निघाल्या. भरपूर. जितेंद्रने ग्राइंडर लावला. ठिणग्यांचा नुसता फवारा. ऋचाने स्लो मोशनमध्ये रील काढलं, मागे सिनेमाचं म्युझिक टाकलं. तिच्या सगळ्या रील्समध्ये तेच सगळ्यात जास्त चाललं. सासूबाईंनी पुण्याच्या सगळ्या नातेवाइकांना फॉरवर्ड केलं.

चिरेनंतर दोन-चार दिवसांनी स्वयंपाकघरातलं कपाट लागेना. दार खाली घासायला लागलं. ऋचा म्हणाली, बिजागरी ढिली झाली. तनयने बिजागरी बघितली. घट्ट होती.

शनिवारी सकाळी वरचे पद्मनाभ अण्णा आले. तीन पिढ्या बेंगळुरात, मराठी बोलतात पण मध्येच कन्नड डोकावतं. सरकारी कारखान्यात विमानांचे सांगाडे जोडण्यात आयुष्य गेलं, आता रिटायर. हातात अक्षता.

"उद्या नातीचं बारसं. दोघांनी यायचंच. साठेक माणसं असतील, स्वल्प आवाज होईल, सांभाळून घ्या."

"साठ?" तनय म्हणाला.

"हॉलमध्येच करतोय. विद्या म्हणाली, घरातलं बारसं घरात." मग कमानीकडे बघून खुशीत हसले. "आणि जेवणं झाली की सगळ्यांना खाली घेऊन येतो. रील बघून आमच्या बायका वेड्या झाल्यात. ते सिनेमातलं घर बघायचंय म्हणून मागे लागल्यात."

"या की," ऋचा म्हणाली.

जाता जाता अण्णा दारात थांबले. "तुमच्याकडे फरशी वाजते का रे? आमची हॉलमधली वाजायला लागलीय. पाय ठेवला की टक् करते. बरोबर इथे वर." त्यांनी बोट केलं. कमानीकडे.

"नाही," तनय म्हणाला. "आमची नाही वाजत."

दार लागलं. तनयची नजर पुन्हा त्या कोपऱ्यात गेली.

दुपारी ऋचाने फोन टीव्हीला जोडला. त्या सिनेमाचं घर कसं बनवलं, याचा व्हिडिओ आला होता. ती मांडी घालून बसली. आर्ट डायरेक्टर पडदे दाखवत होता, दिवे दाखवत होता. मग कमान आली. "बघ, बघ, आपली!" ऋचा म्हणाली. मग कॅमेरा वर वर गेला. कमानीच्या वर गेला. आणि कमानीच्या वर काहीच नव्हतं.

छत नव्हतं. प्लायवूडच्या भिंती, मागून लाकडाचे टेकू, आणि जिथे छत हवं तिथे दोऱ्यांवर लटकलेले मोठमोठे लाइट. आर्ट डायरेक्टर हसून सांगत होता, इथे आधी भिंत होती, कॅमेऱ्याला जागा हवी म्हणून काढून टाकली.

ऋचा हसली नाही. तिने सावकाश मान वर करून स्वतःच्या छताकडे बघितलं. तनय आधीपासूनच बघत होता. त्यांच्या डोक्यावर दहा मजले होते.

"ते रील लाव," तो म्हणाला.

लावलं. ठिणग्या उडत होत्या. आता त्यांना ठिणग्या दिसतच नव्हत्या. दिसत होत्या सळया. जाड जाड, एकीजवळ एक, खालून वर आणि आडव्या, जाळीसारख्या. पुण्याच्या त्या विटांमध्ये एक सळई नव्हती.

तनयने जितेंद्रला फोन लावला.

"सळया होत्या ना त्या भिंतीत?"

"आजकाल सगळ्यातच असतात बे."

"तू कुणाला विचारलं होतंस? इंजिनियरला वगैरे?"

"तू कुठं म्हणला विचार म्हणून?" मग जितेंद्रचा आवाज खाली आला. "चीर आली का?"

तनय हो म्हणाला आणि फोन कट झाला. नंतर लागलाच नाही.

तनयच्या लांबच्या नात्यातल्या सुचेताताई पुण्यात इमारतींची डिझाइनं करतात. त्याने त्यांना फोटो पाठवले, चिरेचे, कपाटाचे, रीलसुद्धा. रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. कसा आहेस नाही, काही नाही.

"तनय, तुझ्या घरात पिलर कुठे आहेत?"

त्याने चारी बाजूंना बघितलं. वर्षभर राहतोय इथे. कोपरे किती स्वच्छ म्हणून खूशच होता.

"दिसत नाहीत, ताई."

"नाहीतच, म्हणून दिसत नाहीत. अशा इमारतीत भिंतीच काँक्रीटच्या असतात. सगळं वजन त्या घेतात. तू भिंत नाही पाडलीस रे. तू पिलर पाडलायस."

"पडेल का?"

"फोटोवरून मी नाही सांगू शकत. दहा वर्षं उभी राहील, नाहीतर नाही राहणार. टेकू लावणाऱ्यांना आत्ता बोलाव. घरात थांबू नका. वर वजन वाढवू देऊ नकोस. वर राहतं कुणी?"

तेवढ्यात वरून खुर्च्या ओढल्याचा आवाज आला. एक, मग पुष्कळ. लहान मुलं धावली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पितळी दिवा साखळीवर हलला.

तनयने फोन ठेवला. टेकूवाल्यांचे नंबर फिरवले. रविवार. एकाने उचलला, दुपारनंतर बघतो म्हणाला.

"मी वर जातोय," तो म्हणाला.

ऋचा सोफ्याच्या कडेला बसली होती, नवी साडी नेसून. "वर जाऊन काय सांगणार? बारसं थांबवा, आम्हाला सिनेमासारखं किचन हवं होतं?"

"मग काय सांगू?"

"अरे, सगळ्या बिल्डिंगला कळेल. पोलीस येतील. आईंना काय सांगणार?" तिचा आवाज फाटला. "एवढे दिवस उभी आहे ना? दोन तासांचा प्रश्न आहे. दोन तास."

"आणि त्या दोन तासांतच झालं तर?"

वर पुन्हा कुणीतरी धावलं.

"तू खाली जा. बाहेर, मोकळ्यात. मी आलोच," म्हणून तो निघाला.

जिन्यात त्याला वाटलं, गॅस लीक सांगावं. सोपं आहे. सगळे खाली पळतील, कुणी आपल्याकडे बघणार नाही. वळणावर तो थांबला. गॅसचं सांगितलं तर अर्ध्या तासात कुणीतरी तपासेल, म्हणेल सरी, ठीक आहे, काही नाही, चला. आणि साठच्या साठ माणसं परत वर येतील. जेवतील. मग घर बघायला खाली येतील, कमानीखाली उभी राहून फोटो काढतील.

दार उघडंच होतं. चपलांचा ढीग. आत पाय ठेवायला जागा नाही, झेंडूचा, जाईचा, तुपाचा वास. हॉलच्या मधोमध पाळणा.

"आला बघा सिनेमावाला!" विद्या अक्का, अण्णांची बायको, पाळण्याशेजारून ओरडल्या. "बन्नी, बन्नी! या, या! बायको कुठंय? नटतेय का अजून हिरॉईनसारखी?"

बायका हसल्या. बाळाची आत्या पाळण्यात वाकली होती, कानात नाव सांगायला. बाकीच्या तिच्या पाठीत बुक्के घालायला टपलेल्या, रीतच तशी. एकीने घातला. धप्प. सगळ्या एक पाऊल पुढे सरकल्या आणि त्यांच्या पायाखालून आवाज आला. टक्. हसण्यात कुणाला ऐकू गेला नाही. तनयला गेला.

तो माणसांमधून वाट काढत अण्णांपाशी पोचला. "अण्णा, जरा बाहेर या."

"आत्ता? नाव ठेवतायत रे."

"अण्णा, आम्ही ती खालची भिंत पाडली ना..."

"बघितलं की काल. छान झालंय."

"तिच्यात सळया होत्या."

अण्णांचं हसू तसंच राहिलं चेहऱ्यावर, पुसायचं विसरल्यासारखं. आयुष्यभर सांगाडे जोडलेला माणूस. त्यांनी एकच विचारलं, "कापल्या?"

"हो."

"सगळ्या?"

"सगळ्या. वर चीर आलीय. इंजिनियर म्हणाल्या, वर वजन नको. मी काल खोटं बोललो तुमच्याशी."

अण्णांनी खाली फरशीकडे बघितलं. मग सबंध हॉलकडे, पाळण्याभोवती दाटीने उभ्या असलेल्या सगळ्या माणसांकडे. तनयला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

अण्णांनी टाळी वाजवली. आवाज अगदी साधा. "सगळ्यांनी खाली जायचं. लिफ्ट नाही, जिन्याने. भिंतीच्या कडेकडेने चाला, मध्ये गर्दी नको. पळायचं नाही. बाळ आधी."

कुणीतरी हसलं. फोटोग्राफरचा काहीतरी बेत असेल असं वाटून दोघी-तिघींनी पदर सारखे केले.

"अहो, नाव अर्धं—"

"विद्या. बाळ घे आणि चल."

नवऱ्याचा हा आवाज अक्कांनी कधी ऐकला नसावा. त्यांनी बाळ उचललं. मग हसणं थांबलं आणि नुसता पायांचा आवाज राहिला. एकेक पाऊल तनयला मणक्यात लागत होतं. एका म्हाताऱ्या काकांना काही समजेना, ते पंगतीसाठी विचारत होते. मुलाने त्यांना उचलूनच नेलं. चपला तशाच राहिल्या. अण्णा दारात उभे राहून एकेकाला बाहेर काढत होते आणि फोनवर फायर ब्रिगेडला पत्ता सांगत होते.

"वरच्या मजल्यांना कोण सांगतंय?" ते तनयला म्हणाले. "का ते पण मीच?"

तो वर धावला. बेल, दार, बेल, दार. तुटक्या हिंदीत, इंग्रजीत, हातवारे करून. शेवटच्या मजल्यावरून खाली उतरताना ऋचाला फोन लावला. वाजत राहिला. आणखी एकदा. वाजत राहिला.

घराचं दार उघडं. ऋचा कमानीखाली स्टुलावर उभी होती, नव्या साडीत, हातात पुट्टीचा डबा.

"अगं! तुला खाली जा म्हणालो ना!"

"पाहुणे येणारेत ना," ती म्हणाली. वळलीसुद्धा नाही. "एवढीच राहिलीय. दिसायला नको."

"कुणी येत नाहीये. सगळे बाहेर गेले. चल."

"एवढंच."

तो तिच्याजवळ गेला. जायचं नव्हतं, तरी गेला. चीर आता चीर राहिली नव्हती. कोपऱ्यातून निघून पार झोपाळ्याच्या कड्यापर्यंत पोचली होती. ऋचाने ती पांढऱ्या पुट्टीने भरली होती, नीट, गुळगुळीत. पुट्टी अजून ओली होती. आणि तो बघत असतानाच त्या ओल्या पांढऱ्या पट्टीच्या मधोमध एक बारीक काळी रेघ उमटली. सावकाश. कुणी आतून ओढतंय तशी.

ऋचानेही बघितलं. डबा हातातून पडला.

त्याने तिला कमरेला धरून खाली घेतलं. जिना कसा उतरले ते दोघांनाही आठवणार नाही.

बाहेर बॅडमिंटन कोर्टावर सगळी इमारत जमा झाली होती. कुणी टॉवेलवर, कुणी कुत्रं घेऊन. बारशाची माणसं रेशमी कपड्यांत अनवाणी. विद्या अक्का बाळाला छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांनी तनयकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. सायरन ऐकू येत होता, पण ट्रॅफिकमध्ये कुठेतरी अडकलेला. सगळ्या माना वर. इमारत उभी होती. नेहमीसारखीच दिसत होती, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती.

शेजारी वरच्या कुठल्याशा मजल्यावरची एक बाई होती, नाइटीवर ओढणी घेतलेली. बेल वाजवली तेव्हा दार तिच्या मुलांनी उघडलं असेल, तनयने तिला कधी बघितलं नव्हतं. तिच्या दोन मुलांनी तिचे दोन हात धरलेले.

"एनायितु?" काय झालं, असं तिने सगळ्यांनाच विचारलं. कुणीतरी दुसऱ्या मजल्याचं, भिंतीचं काहीतरी सांगितलं.

"याव मने?" कुणाचं घर?

अण्णा बोलू शकले असते. ते फोनवर होते, त्यांनी ऐकलं, आणि ते फोनवरच राहिले. ऋचाने तनयचा हात घट्ट धरला होता. पुट्टीने तो चिकट झाला होता.

तनयला कन्नड फारसं येत नाही. एवढं आलं.

"नम्म मने," तो म्हणाला. आमचं घर.