गुडघ्याखाली

दूध डोळ्यांदेखत वर आल्याशिवाय ते तापलं असं मी मानत नाही. त्यामुळे ऑकलंडच्या हॉस्पिटलातल्या सर्जनबाईंनी सोमवारी "पाय गुडघ्याखालून काढावा लागेल" असं सांगून फॉर्म पुढे केला, तेव्हा मी ह्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"सही करायची नाही," मी बजावलं. गुरुनाथ ऑफिसात चाळीस इंजिनिअरांना धाकात ठेवतात, माझ्यापुढे मात्र मान डोलावतात. तशीच डोलावली.

संशयाला कारण होतं. अंगठ्याखाली तळव्याला बुटाने फोड आला, इतकंच झालं होतं. तीन आठवड्यांपूर्वी ह्याच लोकांनी अंगठा कापला आणि एवढ्यावर भागेल म्हणाले. मग जखम चिघळली. डायबेटिस ह्यांना बारा वर्षं आहे, पायाला कधी काही झालं नव्हतं. ड्रेसिंग करायला सिना नावाची, सामोआ बेटांवरची नर्स यायची. तिने एकदा हातमोजे न बदलता फोन उचललेला मी पाहिला होता. तेव्हापासून तिच्या हातांवर माझी नजर होती.

मंगळवारी ताप चढला. बुधवारी सर्जनबाई म्हणाल्या, इन्फेक्शन वर सरकतंय, थांबू नका. मी म्हटलं, आधी ते झालं कशाने ते सांगा. आमच्या नीलला सगळे कागद मागायला लावले.

"आई, प्लीज, जस्ट लेट देम डू इट," तो म्हणाला. मराठी कळतं त्याला, बोलायचं मात्र इंग्रजीत. पण कागद आणले, आणि गुरुवारी दुपारी वाचून सांगितले. तळव्याला भाजल्याची जखम. पेशंट हीटरला पाय टेकवून झोपी गेला.

मला हवं ते सापडलं. बॉटनी डाउन्सच्या आमच्या घरात बेडरूमचा हीटर इथली थंडी सुरू होताना, मे महिन्यातच बंद पडला होता, नवा आणायचा राहून गेला होता. म्हणजे आपली चूक झाकायला हॉस्पिटलवाल्यांनी गोष्ट रचली. मी तावातावाने सिनाला गाठलं आणि माझ्या इंग्रजीत विचारलं, हे खोटं कोणी लिहिलं?

सिनाने कागद पाहिला. "तुमच्या मिस्टरांनी स्वतः सांगितलं. डॉक्टरांनी दोनदा विचारलं होतं. डाग गरम पाण्याच्या पिशवीचा वाटत होता. ते नाहीच म्हणाले." मग तिने शांतपणे विचारलं, "घरी वापरता का पिशवी?"

वापरता का. हीटर गेल्यापासून रोज जेवणं झाली की मीच पिशवी भरून ह्यांच्या तळव्यांना शेक देत होते. माझी आई बाबांना द्यायची, तसाच. दर वेळी विचारायचे, "चटका बसत नाही ना?" हे म्हणायचे, "छान वाटतंय."

मी खाटेशी आले. "अहो, तुम्हाला शेक कळत होता का?"

ह्यांनी पांघरूण पायावर ओढलं. "वर्षभर पायाला काहीच कळत नाही. डॉक्टरांनी गरम लावू नका म्हणून सांगितलंही होतं. पण तू पाय मांडीवर घेऊन बसायचीस, ते दिसत होतं. बरं वाटायचं."

"आणि हीटर?"

"तुझं नाव कशाला त्यांच्या कागदावर?"

मला इतका राग आला की रडूच फुटलं. मी ह्यांचा पाय भाजला होता, आणि चार दिवस त्या पोरीच्या हातमोज्यांवर पाळत ठेवून बसले होते. पर्समधून पेन काढून ह्यांच्या बोटांत दिलं.

"करा सही."

"बसला विश्वास?"

"त्यांच्यावर बसला. तुमच्यावरचा उडाला."

ह्यांनी पूर्ण नाव लिहिलं. नील सर्जनबाईंना घेऊन आला. त्यांनी पोटरी दाबून पाहिली, मग गुडघा, मग त्याच्या वर. सही केलेला फॉर्म त्यांनी बाजूला ठेवला आणि सिनाला दुसरा आणायला सांगितलं. सोमवारी गुडघा वाचणार होता. आता पाय मांडीतून काढावा लागणार होता.