कथिलाने बुजवलेला स्वरगोळा

मित्रांनो, मला पाहून तुम्ही तांब्याच म्हणाल. पण मी एक जुना स्वरगोळा आहे. पितळेचा, पोकळ. एका बाजूला रुंद तोंड, समोर निमुळते टोक आणि त्याला बारीक भोक. ते टोक कानात धरले की भोवतीच्या गलक्यातला एकच स्वर माझ्या पोटात घुमतो आणि कानात उतरतो.

परदेशातल्या कारखान्यात आम्ही दहा भावंडे घडलो, प्रत्येकाचा स्वर वेगळा. निजामाच्या राज्यात मोमिनाबादच्या एका शाळेत येताना बैलगाडी उलटली आणि नऊ जण चेपले. चेपलेल्या गोळ्याचा स्वर बदलतो. शाळेने सगळा संचच टाकून दिला, तेव्हा तिथल्याच रामहरी मास्तरांनी मला घरी आणले.

मास्तर अंगणातून लेकीला हाक मारीत, "वच्छेऽऽ!" त्या लांबलेल्या हाकेचा स्वर नेमका माझाच होता. मला कानाला लावून बसलेली वत्सला खिदळे, "आबा, तुमी ह्याच्यात शिरलात!"

पुढे तिचे लग्न होऊन ती उमापूरला गेली. मास्तर तापाने वारले. तेरावे झाल्यावर तिने मायजवळ एकच वस्तू मागितली. "मला तेवढा गोळा दे. आबांचा सूर कुठं ऐकू आला तर त्याच्यातच येईल."

लेकीला गळके भांडे देऊ नये, ही त्या घरची रीत. माय चतुराबाईने दारावर आलेल्या कल्हईवाल्या सुग्रीवाला बोलावले.

"मावशे, मास्तर एवढे शिकलेले, अन् तांब्या फुटका घेतला व्हय?"

"गप रं. लेकीला द्यायचाय. थेंब गळाया न्हाई पायजे."

कढत कथील माझ्या टोकात उतरले आणि थिजले.

सकाळी वत्सलेने मला कानाला लावले. बाहेरून तिच्या चुलत्याने हाक दिली, "वच्छेऽऽ, गाडी जुपली!" आवाज थेट मास्तरांसारखा. मी जिवाच्या आकांताने घुमलो. माझा स्वर माझ्याच पोटात फिरत राहिला. तिला काही ऐकू आले नाही. तिने बोटाने कथील चाचपले.

"आता गळत न्हाई ना, वच्छे?" मायने विचारले.

वत्सलेने तिच्या तोंडाकडे पाहिले. "न्हाई माय. लई चांगला झाला."

उमापूरला ते कथील काढून घेणे अवघड नव्हते. पण माय भेटायला आली की आधी मला चुंबळीवरून उचलते, बुडाला हात लावते आणि ते कोरडे पाहून तिचा जीव निवतो. म्हणून वत्सला मला पाण्याने भरून ठेवते. पोटात पाणी असताना आता माझ्याने घुमवतही नाही.

मित्रांनो, भोक कशासाठी ठेवले आहे हे ठाऊक नसेल, तर बुजवण्याआधी ती वस्तू वापरणाऱ्याला विचारा. आणि कुणी मायेपोटी ते बुजवलेच असेल, तर त्याला वत्सलेसारखे उत्तर द्या.