शंभर ठोके

आमच्या घराची वीज पाण्यावर फिरणाऱ्या चाकातून येते. त्या चाकघराच्या भिंतीवरचे आकडे मेहुण्याने टॉर्च धरून वाचून काढले. माझ्या बायकोने चाकाचे फेरे मोजून ते खडूने लिहिलेत, दर महिन्याला एक, चार वर्षांचे. ती जाऊन दोन महिने झाले. चाकावर येणारं पाणी कमी-जास्त करणारी फळी तीच वरखाली करायची. दिवे जास्त तेजाळले की खाली, मंदावले की वर. मला ते जमलं नाही. तीन बल्ब आणि फ्रिज घालवून बसलो, म्हणून वीज सांभाळणारा ड्राइव्हचा डबा घ्यायचं ठरलं.

मेहुणा इलेक्ट्रिशियन आहे. तो डबा बसवला की चाक हळू फिरो नाहीतर जोरात, घरात वीज सारखीच येते, असं तो सांगतो. फक्त डबा चाकाच्या मापाचा हवा. लहान लगेच मिळतो, पण पाणी वाढलं तर जळतो. मोठ्यासाठी तीन महिने थांबायचं.

"आधी तेरा, चौदा. शेवटच्या वर्षी बारा, अकरा, दहा," तो म्हणाला. "भावजी, तुमचं चाक म्हातारं झालं. लहान पुरेल."

मी बरं म्हणालो. मग त्याने विचारलं, हे फेरे मिनिटाचे ना? नाही म्हटलं. इथे घड्याळ टिकत नाही, ओल लागते. ती मनगटावर बोट ठेवून नाडीचे शंभर ठोके मोजायची आणि तेवढ्यात झालेले फेरे लिहायची. तो हसला. ताई लहानपणी अंडीही तशीच उकडायची, म्हणाला.

तसंच मोजून बघायला त्याने मला सांगितलं. पाणी दगडावरच्या खुणेला होतं; तीही पाणी त्याच खुणेला असतानाच मोजायची. मी मनगट धरलं. शंभर ठोक्यांत तेरा फेरे पुरे होऊन चौदावा चालू होता. पुन्हा मोजले. तेवढेच.

"म्हणजे चाक मंदावलेलंच नाही," तो म्हणाला. "पण ताई मोजण्यात चुकायची नाही हो."

ती चुकली नव्हती. तिचे शंभर ठोके लवकर संपत होते. दर महिन्याला आणखी लवकर.

डॉक्टर म्हणाले होते, हृदय अचानक बंद पडलं.

त्या वर्षी ती मला तीनदा म्हणाली होती, चाक मंदावलंय, जरा बघा. मी तीनदा बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं. तिसऱ्यांदा वैतागून म्हणालो, चाकाला काही झालेलं नाही.

मेहुण्याने मोठा ड्राइव्ह लिहून घेतला. तीन महिने फळी मलाच सांभाळायची आहे. डबा कोरड्या भिंतीवर लावावा लागतो आणि चाकघरात कोरडी भिंत तिच्या आकड्यांची तीच एक. मी म्हणालो, घरात लाव. वायर फार लांब लागेल, तो म्हणाला.

लागू दे म्हटलं.