पत्र्याची साक्ष

मित्रांनो, मी एका घराच्या छपरावरचा जुना पत्रा आहे. माझ्या अंगाला मधोमध माणूस मावेल एवढं भोक पडलं आहे आणि सध्या मी भंगारवाल्याच्या आवारात भिंतीला टेकून उभा आहे. माझ्यामुळे एका माणसाचा कणा मोडला. त्यावर पुन्हा मीच त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. ते कसं घडलं, तेवढं ऐका.

कारखान्यातून निघालो तेव्हा जस्ताच्या मुलाम्याने मी लखलखत होतो. सोलापुरात भवानी पेठेतल्या सिद्धरामअण्णांनी मला आणि माझ्या अकरा भावंडांना घरावर बसवलं. अण्णा टॉवेलच्या कारखान्यात माग चालवत. नुकतंच लग्न होऊन आलेल्या विजयमालावहिनी खाली उभ्या राहून आम्हाला वर चढताना पाहत होत्या. हुक आवळले गेले, प्रत्येक हुकाखाली रबराचा वायसर बसला आणि खालच्या चार भिंतींचं घर झालं.

सोलापूरचं ऊन तुम्हाला ठाऊक आहेच. ते सोसत मी वीस वर्षं काढली. खाली वहिनी कडक भाकऱ्या करत, वाळवत आणि थप्प्या बांधून दुकानांना देत. त्या भाकरीला जराही ओल चालत नाही. पाऊस आला की वहिनी आधी वर बघत, मग थप्प्यांवरून हात फिरवत. सगळं कोरडं असलं की म्हणत, "पत्रा गुणाचा हाय." तेवढंच माझं कौतुक, पण मला ते पुरायचं.

पुढे रबर करपलं. हुकाभोवती गंज धरला. एका पावसाळ्यात माझ्यातून पहिला थेंब खाली गेला आणि वहिनींनी त्याखाली पातेलं ठेवलं. अण्णांनी शिडी लावून डांबर थापलं. दुसऱ्या वर्षी त्यावर आणखी डांबर.

त्याच सुमारास गल्लीतल्या ओळखीचा एक एजंट घराचा विमा घेऊन आला. खुर्चीत बसून त्याने फॉर्म भरला. छताची स्थिती कशी, असा एक रकाना होता. त्याने मान वर न करता 'उत्तम' लिहिलं. एका जागी गळतं, असं वहिनींनी सांगितलं. असं लिहायचं नसतं, असं तो म्हणाला. अण्णांनी सही केली.

गळणं काही थांबेना, म्हणून वहिनींनी पत्र्याचं काम करणाऱ्या मल्लेशला बोलावलं. त्याने वर येऊन प्रत्येक हुक हलवून पाहिला. चार पत्रे आणि झाडून सगळे हुक बदला, असं त्याने अण्णांना सांगितलं.

"विमा हाय की आता," अण्णा म्हणाले. "उडालं तर नवंच बसवून मिळंल. आत्ता कशाला हात लावायचा?"

मल्लेश निघून गेला. वहिनींनी तो विषय पुढे दोनदा काढला. मग त्यांनीही सोडून दिला.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी चारच्या सुमाराला आभाळ तांबडं झालं आणि धुळीचा लोट पेठेवर आला. माझे हुक ढिले होते. मी वर-खाली आपटू लागलो. शेजारच्या घरांचे पत्रेही वाजत होते, पण आपापल्या जागी होते. वहिनी थप्प्या कोपऱ्यात ओढत होत्या. अण्णा दगड घेऊन वर आले. मला दाबून धरायला त्यांनी माझ्यावर पाय ठेवला, नेमका डांबराच्या थरावर. त्या डांबराखाली लोखंड उरलंच नव्हतं. अण्णा माझ्यातून आरपार खाली फरशीवर गेले.

पुढच्याच झोताने मला आणि दोन भावंडांना उचलून गल्लीत फेकलं. तिथून मला वहिनींची हाक ऐकू आली. एकदाच. मग पाऊस सुरू झाला.

अण्णा वाचले. पण कमरेखाली त्यांना काही जाणवेना. भाकऱ्यांचा लगदा झाला होता. मला शेजाऱ्यांनी गल्लीतून उचलून घराच्या खिडकीखाली टेकवून ठेवलं. एजंटने सुचवलं की विम्याच्या दाव्याला छप्पर गेल्या वर्षी दुरुस्त केल्याचं बिल जोडा. अण्णांनी अंथरुणावरूनच मल्लेशकडे ते मागितलं. तो उशाशी येऊन बसला.

"बिल देतो मी, अण्णा," तो म्हणाला. "पण पत्रा काय सांगंल त्यांना?"

अण्णांनी तोंड भिंतीकडे केलं. बिल काही झालं नाही.

नुकसान पाहायला विमा कंपनीकडून मृत्युंजयसाहेब आले. त्यांनी शेजारच्या शाबूत छपरांचे फोटो घेतले. मग मला उलटं करून किल्लीने डांबर खरवडलं. गंजाचे पापुद्रे गळून पडले. किती वर्षांपासून गळत होतं, असं त्यांनी वहिनींना विचारलं. वहिनी खरं बोलल्या. चार वर्षं.

वादळाने केलेलं नुकसान विम्यात बसतं, गंजाने खाल्लेलं बसत नाही, असं साहेबांनी त्यांना समजावलं. फॉर्मवर 'उत्तम' लिहिलेलंही दाखवलं.

"साहेब, हुक बदलले असते तर विमा मिळाला असता का?"

"ताई, हुक बदलले असते तर छप्पर बहुतेक गेलंच नसतं," साहेब म्हणाले. "आणि गेलं असतं, तर मला नाही म्हणता आलं नसतं."

महिन्याने पत्र आलं. छप्पर आधीच जीर्ण होतं, म्हणून दावा नामंजूर. वहिनींनी ते अण्णांना वाचून दाखवलं.

"मल्लेश म्हटला व्हता," अण्णा म्हणाले. मग म्हणाले, "तू बी म्हटली व्हतीस."

 पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून वहिनींनी त्यांना दुसऱ्या कुशीवर वळवलं.

आता त्या घरावर ताडपत्री आहे. मला न्यायला भंगारवाला आला, तेव्हा मागच्या भिंतीकडून न्या, असं वहिनींनी त्याला हळूच सांगितलं. अण्णांच्या नजरेस मी पडू नये म्हणून.

लवकरच मला भट्टीत टाकतील. त्याआधी तुमच्याकडे एक मागणं आहे. विमा जरूर घ्या, पण त्यात छपराचं असेल ते लिहा. आणि आज घरी विचारा, आपल्या छपरावर शेवटचं कोण चढलं होतं? आभाळ मोकळं आहे तोवर जाणता माणूस बोलवा, वर फळी टाकून चढू द्या, हुक हलवून पाहू द्या. वादळाची वाट पाहू नका. आम्हा पत्र्यांना तोंडाने काही सांगता येत नाही. आम्ही नुसते गळतो.