शिकायला आहेर नसतो

तुरीतलं खुरपण टाकून नागाबाई सकाळीच भावाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"रामलिंग, पोरीच्या लग्नात जे देनार हाईस ते आत्ताच दे. गीतांजलीचा नांदेडला एमेस्सीला नंबर लागलाय. ह्या आठवड्यात फी भरली न्हाई तर जागा दुसऱ्याला जाती."

"लग्न काढ की अक्का, कपाट देतो. शिकायला कुनी आहेर करतंय व्हय?"

गीतांजली म्हणजे बीएस्सीला गणितात कॉलेजात पहिली आलेली पोरगी. स्कॉलरशिप मिळणार, पण मागून. फी मात्र आधी भरा. पीक वाळल्यावर पाणी देणारी ही तऱ्हा.

नवरा गेल्यापासून नागाबाई एकटी शेत ओढते, पण गावातल्या एकाही लग्नाला ती रिकाम्या हातानं गेली नाही. केलेला आहेर फेडायचा असतो, ही आपली रीत. त्या भरवशावर ती घरोघर फिरली. जो तो म्हणे, लग्नात बघू. शेजारी म्हणून मीही बरोबर होते, माझं तर टाळकंच सणकलं.

शेवटी ती इरेला पेटली आणि तिनं गावभर आवतणाचं कुंकू फिरवलं. "बेस्तरवारी पोरीची पाठवनी हाय नांदेडला. जेवाया या."

घरी कुंकू आल्यावर कोण हात हलवत येईल? सगळं गाव आलं. आणि आणलं काय? स्टीलचे डबे, पराती, कळशा! रामलिंग तर टेम्पोत खरंच कपाट घालून आला.

"आरं, पैशे दे म्हनले व्हते!" नागाबाई रडकुंडीला आली.

"पैशाचं काय दिसतंय अक्का? कपाट कसं, चारचौघात उठून दिसतंय."

लोक भात-वरण जेवून, हात धुऊन, पोरीला आशीर्वाद देऊन गेले. असला संताप आला मला! नागाबाईनं मात्र डोळे पुसले आणि भावाला म्हणाली, "खाली उतरवू नगंस. भांडी बी चढव वर. उद्या मुखेडच्या बाजाराला ने मला."

दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यांच्या शेजारी कपाट उभं करून नागाबाई, गीतांजली आणि मी बसलो. कोरी भांडी बघून येणारा-जाणारा विचारी, "लग्न मोडलं काय ओ पोरीचं?"

"मोडाया जमलं कवा व्हतं?" नागाबाई खेकसायची.

दुपारी एका माणसानं सगळंच घेतलं. बरोबर आलेल्या त्याच्या लेकीचं लग्न होतं. फीपुरतं जमलं, तशा नागाबाईनं नोटा पदराला बांधल्या. गीतांजलीनं त्याच्या लेकीला सहज विचारलं, "काय शिकलीस गं?"

 तिच्याआधी बापच बोलला, "बारावी सायन्स. गनितात पैकीच्या पैकी. लातूरला नंबर बी लागला व्हता. पर फीसाठी कुनी दारात उभं केलं न्हाई. लग्न म्हनलं की समदे धावून आले बघा."



"चला पोरींनो, हात लावा," तो म्हणाला. मग त्या दोघींनी मिळून कपाट उचललं आणि त्याच्या गाडीत चढवलं.