फ्रिजची सोडत

सकाळपासून तिने अकराव्यांदा मोबाइल उघडला, तेव्हा शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली न राहवून म्हणाली, की बाई गं, दार सारखं उघडून बघितलं म्हणून पाहुणा लवकर येत नाही. तिने मोबाइल पालथा ठेवला आणि दोन मिनिटांत पुन्हा सुलटा केला. ग्रंथालयाचं पत्र आलेलं नव्हतं. पंधरा दिवसांत ईमेलने कळवू म्हणाले होते आणि आज पंधरावा दिवस. मुलाखत तर झकास झाली होती. ग्रंथपालबाईंनी शेवटी विचारलंसुद्धा होतं, धुळीचा त्रास होत नाही ना? नोकरी द्यायचीच नसेल तर कोण कशाला धुळीचं विचारेल? त्या एका प्रश्नावर ती पंधरा दिवस काढत होती.

सध्याच्या नोकरीत तिचा जीव रमत नव्हता असं म्हणणं फारच सौम्य होईल. तिला या नोकरीची लाज वाटायची. चपलांच्या नाहीतर चष्म्याच्या दुकानात तुम्हीही ते पारदर्शक खोकं पाहिलं असेल: चिठ्ठी भरा, फ्रिज जिंका. नाव, फोन, ईमेल, आणि शेवटी एक लाडीगोडीची ओळ, बक्षीस कोणासाठी हवं? माणूस उभ्या उभ्या भरतो, टाकतो आणि विसरून जातो. तसली खोकी गाद्यांच्या दुकानावरच्या या लांबट खोलीत येत. तिघी बायका ती टेबलावर उपडी करून पत्ते टाइप करत. फ्रिज कुणालाच मिळत नसे. मुळात फ्रिज होताच कुठे, फ्रिजचं चित्र होतं. पत्त्यांची मात्र यादी व्हायची, ती पाच-सहा कंपन्यांत फिरायची, आणि मग त्या बिचाऱ्याच्या ईमेलवर टक्कल घालवणाऱ्या तेलापासून घरबसल्या श्रीमंतीपर्यंत सगळं धो धो सुरू व्हायचं.

पत्ते मिळवायच्या आणखीही तऱ्हा होत्या. आतल्या खोलीतला एक कॉम्प्युटर दिवसभर इंटरनेटवरची पानं चाळून दिसेल तो पत्ता उचलायचा. दुसरा नुसत्या अंदाजाने नावं जुळवून पाठवून बघायचा, लागला तर लागला. पण साहेबांचा जीव चिठ्ठ्यांवर. हा ताजा माल, ते म्हणायचे, माणसाने आपल्या हाताने दिलेला.

ऑफिसात तिला सगळे गाळणी म्हणत. प्रत्येक खोकं आधी तिच्या हाताखालून जायचं, आणि त्याचं कारण होता दादा.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तो एका मोठ्या इस्पितळाचा मेलसर्व्हर सांभाळायचा. तिथे येणाऱ्या शंभर पत्रांतली ऐंशी कचरा, आणि तो कचरा दारातच अडवायचा हे त्याचं काम. बहीण कुठेतरी टायपिंग करते एवढंच त्याला ठाऊक होतं. एका रविवारी जेवताना तो रंगात आला आणि आपली युक्ती सांगून बसला. असलं खोकं दिसलं की तो मुद्दाम एक चिठ्ठी टाकायचा, आणि तिच्यावर असा पत्ता लिहायचा जो त्याने जगात दुसऱ्या कुणालाच दिलेला नाही. त्या पत्त्यावर पत्र आलं की चोर सापडला. ज्या सर्व्हरवरून आलं त्याचा नंबर काळ्या यादीत जायचा, पुढचं एक पत्र आत यायचं नाही. ही यादी तो इतर सर्व्हरवाल्यांना द्यायचा, ते आपली त्याला द्यायचे. एका घराने हाकललं की आळीभर दारं बंद. हे ऐकून तिचा घास घशातच अडकला आणि वडिलांना, अण्णांना, तिच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या.

दुसऱ्या दिवसापासून ती दादाच्या चिठ्ठ्या वेचून काढू लागली. ते अवघड नव्हतंच. अण्णांनी जन्मभर गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवल्या होत्या, आणि दोन्ही मुलांना अक्षर त्यांनीच गिरवायला लावलं होतं. सातच्या पोटात आडवी रेघ, शून्य खालून वर काढलेलं, प्रत्येक टोक ब्रश उचलल्यासारखं गोल. तसं अक्षर या तिघांचंच. दिसलं की ती चिठ्ठी न वाचताच बाजूच्या डब्यात टाकायची. चिठ्ठ्या सापळ्याच्या आहेत एवढंच तिने साहेबांना सांगितलं होतं, कुणाच्या ते नाही. साहेब म्हणायचे, काय नजर आहे. दादा दर रविवारी चरफडायचा, की ही एक टोळी काही माझ्या हाती लागत नाही. ती मान खाली घालून भांडी घासायची. नवरा सोडून माहेरी परतलेल्या बाईला चाळिशीत दुसरं काम कोण देतो, असं ती मनाला समजावायची, आणि ते मनाला पटायचं नाही.

स्वतःचा पत्ता मात्र ती डोळ्यात तेल घालून जपायची. तरी वर्षभरात तिच्याकडे रोज दोनदोनशे फालतू पत्रं येऊ लागली. कुणी दिला पत्ता, काही कळेना. शेवटी दादाने तिच्या मोबाइलवर बंदोबस्त करून दिला: ओळखीच्यांची पत्रं आत, बाकी सगळी कचऱ्यात. कचरा उघडायचासुद्धा नाही, त्याने बजावलं होतं.

त्या पंधराव्या दिवशी, गुरुवारी, आलेलं खोकं तिच्या घराकडच्या भागातलं होतं. आजवर तो भाग दुसऱ्या कंपनीकडे होता, या महिन्यापासून साहेबांनी घेतला. तिने चिठ्ठ्या पसरल्या. सातच्या पोटात रेघ दिसली, चिठ्ठी डब्यात. आणखी एक, तीही डब्यात. मग आणखी. दहावी टाकताना तिचा हात थांबला. दादा एका खोक्यात दहा चिठ्ठ्या टाकेल एवढा खुळा नव्हता. तिने डबा उपडा केला आणि पहिल्यांदाच त्या वाचल्या.

एक दादाची होती. उरलेल्या नऊंवर तिचं नाव होतं. तिचा फोन आणि तिचा ईमेल, एक अक्षर न चुकता. आणि शेवटच्या ओळीवर नऊही वेळा, नंबरप्लेटीच्या अक्षरात: मुलीसाठी. घरचा फ्रिज आवाज करतो, तिची झोप मोडते.

अण्णा रोज संध्याकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडत. वर्षभर ते काय करत होते हे तिला आता कळलं. तिला रडू आलं आणि रागही आला, आणि आधी कशाला वाट करून द्यावी ते सुचेना.

मग एकदम तिला दादाचा बंदोबस्त आठवला. ओळखीच्यांची पत्रं आत. ग्रंथालय कुठे ओळखीचं होतं? तिने कचरा उघडला. तेलं, कर्जं, लॉटऱ्या, बोट दुखेपर्यंत ती सरकवत गेली. नऊ दिवस मागे, गुडघेदुखीच्या पट्ट्याच्या आणि परदेशी सहलीच्या मध्ये, ते सापडलं. आपली निवड झाली आहे. सोमवारी दुपारपर्यंत होकार कळवावा.

जिन्यात जाऊन तिने फोन लावला. ग्रंथपालबाईंनी स्वतःच उचलला.

"आम्ही सोमवारी संध्याकाळपर्यंत थांबलो हो. मला वाटलं, तुम्हाला दुसरीकडे मिळालं."

"नाही. मला पत्र आत्ता दिसलं."

"यादीतल्या पुढच्या बाई आजच रुजू झाल्या," त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटलेलं आवाजात कळत होतं. तिने आभार मानले. का मानले, ते तिला सांगता आलं नसतं.

ती जागेवर येऊन बसली. राग कुणावर काढायचा? अण्णांवर काढवेना. दादाने तर भलंच केलं होतं. चूक फ्रिजची होती, तो नसतानाही त्याच्या चित्रावर महिनोन् महिने पत्ते गोळा करणाऱ्या माणसांची होती, आणि त्यांत ती स्वतःही होती. किती म्हाताऱ्यांनी किती मुलींसाठी लिहिलेल्या ओळी तिने न वाचता पुढे ढकलल्या होत्या. तिने अण्णांच्या नऊ चिठ्ठ्या पर्समध्ये ठेवल्या. दादाची समोर घेतली. बक्षीस कोणासाठी हवं, याच्यापुढे त्याने लिहिलं होतं: तुमच्याचसाठी. तिला हसू आलं. मग तिने तो पत्ता यादीत सगळ्यात वर टाइप केला, दोनदा ताडून पाहिला आणि यादी आत पाठवून दिली.

सोमवारी ऑफिसातून सुटलेली जाहिरातींची पत्रं परत येऊ लागली. आधी इस्पितळाकडून, मग दोन बँकांकडून, मग जिथून तिथून. बुधवारपर्यंत आळीभर दारं बंद झाली. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी यादी छापून घेतली आणि वरच्या ओळीवर बोट ठेवून तिच्यासमोर धरली.

"गाळणीची नजर चुकली वाटतं."

"चुकली नाही, साहेब. मी वाचून टाइप केलं."

चष्मेवालीचं टायपिंग थांबलं. साहेब काही बोलायच्या आत तिने जेवणाचा डबा आणि छत्री उचलली. जिना उतरताना दादाचा फोन आला. ती टोळी शेवटी सापडली, तो लहान मुलासारखा खूष होता. चांगलं झालं, ती म्हणाली, आणि रविवारी ये, तुला एक सांगायचंय.

घरी अण्णा स्वयंपाकघरात पेपर वाचत बसले होते. फ्रिज खडखडत होता. ती पाणी प्यायली. आज लवकर कशी, विचारून त्यांनी पेपर खाली ठेवला आणि सहज विचारल्यासारखं करून विचारलं, की त्या चपलांच्या दुकानातली सोडत कधी असते, तुला काही माहिती?

नऊ चिठ्ठ्या पर्समध्ये होत्या. तिने पर्स टेबलावर ठेवली, पण उघडली नाही.

"झाली, अण्णा. दुसऱ्या एका बाईला मिळाला."

"असं," अण्णा म्हणाले. "कोण गं ती?"

"ओळखीची नाही. पण तिलाही हवाच असेल."

"असेल की." अण्णांनी पेपरची घडी घातली. "पुढच्या वेळी बघू."

"आता पुढची वेळ नाही. ती खोकी काढून टाकताहेत."

अण्णांनी सदऱ्याच्या खिशातून कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, दुकानातून आणून साठवलेला. क्षणभर हातात तोलला. मग तो दुमडून दुमडून जाड केला, गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि फ्रिजच्या पुढच्या पायाखाली सारला. अंगठ्याने आत दाबला. खडखड थांबली. दोघंही ऐकत राहिली.

"बघ," अण्णा खालूनच म्हणाले.

त्यांना एकट्याने उठता येईना. तिने त्यांच्या दंडाला धरून त्यांना उभं केलं.