बसलिंगप्पा मुलगा बघायला जातात

"ह्ये एकटंच हातानं का खेळायलंय?" बसलिंगप्पांनी विचारलं.

"तो गोलकीपर आहे, अप्पा. त्याला चालतं."

"बाकीच्यायला चालत न्हाई?"

"नाही."

"मग ह्योच आपला, म्हण की."

ऋतुजाने नुसतीच मान हलवली. आपला आहे की नाही, ते ठरवायलाच तर तिचे वडील लातूरहून हैदराबाद, तिथून दोहा, तिथून अथेन्स आणि पुढे बसने या गावापर्यंत आले होते. ग्रीसमधलं हे गाव आपल्या लातूरजवळच्या मुरुडएवढं. भोवती सगळा कापूस. कापसाच्या बियाण्याच्या प्रयोगशाळेत ऋतुजा नोकरीला होती. गावात एक चर्च, सरकी काढायची एक जिनिंग मिल आणि एक फुटबॉलचं स्टेडियम. स्टेडियम म्हणजे एका अंगाला सिमेंटच्या पायऱ्या, दुसऱ्या अंगाला तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे कुणाची तरी कोबी. चार खांबांवर दिवे, त्यातले दोन बंद. ट्रॅक्टरच्या टायरची गंजलेली जाहिरात. पायऱ्यांखाली मांस भाजल्याचा धूर निघत होता. त्याच्याकडे बसलिंगप्पांनी पाठ केली होती. बाकी सगळं ओळखीचं वाटलं. परकं होतं ते फक्त गवत. खेळ सुरू होण्याआधी त्याला फवाऱ्याने पाणी पाजत होते. लातूरच्या दुष्काळात रेल्वेने आलेलं पाणी प्यालेल्या माणसाला ते बघवलं नाही.

निघताना सरस्वतीबाईंनी नवऱ्याला बजावलं होतं, "नुस्तं बघून या. शब्द देऊन येऊ नका. तुमाला भीड लई." गुडघ्यांमुळे त्या स्वतः आल्या नव्हत्या, नाहीतर हे काम त्यांनी नवऱ्यावर सोपवलंच नसतं.

ऋतुजाने तर आल्याबरोबर सांगून टाकलं होतं, "अप्पा, तुम्ही नाही म्हणालात तर मी लग्न करत नाही. नोकरी सोडून लातूरला येते." ती बोलल्याप्रमाणे करणारी मुलगी होती. पंचाईत तीच होती. बसलिंगप्पांनी येण्याआधी सिद्धेश्वराला जाऊन, मुलगा वाईट निघू दे, असं मागणं मागितलं होतं. पिणारा असला तर उत्तमच. नसला तर निदान उर्मट तरी. तेवढ्यावर भागलं असतं. ‘न्हाई’ म्हणायचं आणि लेकीला घेऊन घरी यायचं.

मुलगा दाखवण्याची इथली पद्धत मात्र त्यांना पसंत पडली. आपल्याकडे मुलगी पोहे आणते, नाव सांगते, फार तर चालून दाखवते. इथे मुलगा दीड तास उड्या मारून, लोळून, माती खाऊन दाखवत होता, आणि बघणारे तिकीट काढून आले होते. थानासिस उंच होता. लंगडत नव्हता. आवाज खणखणीत होता. आठवडाभर तो जिनिंगच्या वजनकाट्यावर बसायचा आणि रविवारी गोलात उभा राहायचा. दोन्हीकडे लोक त्याच्यावर नाराज असत, असं ऋतुजा म्हणाली.

मध्यंतरापर्यंत दोन गोल झाले. दोन्ही थानासिसवर.

"ह्येचं टीम लईच ढिलं दिसतंय," बसलिंगप्पा म्हणाले. ते खूश होते.

"आज जरा वाईट खेळतायत."

"एरवी?"

"एरवीपण," ऋतुजा म्हणाली.

खरा त्रास पुढच्या पायरीवर होता. तिथे चामड्याचं जाकीट घातलेला, जाड मिशांचा एक माणूस कागदाच्या पुडीतून भोपळ्याच्या बिया खात बसला होता. टरफलं थुंकायची आणि थानासिसला शिव्या घालायच्या, अशी त्याची दोन कामं एका तोंडाने चालली होती. भाषा ग्रीक होती; पण बसलिंगप्पांना भाषांतराची गरज पडली नाही. त्यांची सगळी नोकरी लातूरच्या बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून, चौकशीच्या खिडकीत गेली होती. टायर फुटला हिमायतनगरजवळ, शिव्या बसलिंगप्पांना. ड्रायव्हर आजारी पडला उदगीरला, शिव्या बसलिंगप्पांना. गाडी त्यांनी बनवली नव्हती, पंक्चर त्यांनी केली नव्हती; पण डेपोतला दिसणारा माणूस तेवढा तोच होता. ते चष्मा नाकावर ओढून "येईल, येईल" म्हणत आणि पुढच्या माणसाच्या शिव्या घ्यायला मोकळे होत. उलटून ते कधीच कुणाला बोलले नाहीत. सरस्वतीबाईंच्या मते हा मवाळपणा होता. महामंडळाच्या मते उत्तम सेवा. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल मिळाली होती.

तिसरा गोल झाला तो असा: थानासिसच्याच संघाचा एक गडी घसरून बसला, दुसरा त्याला बघत उभा राहिला, आणि समोरच्यांचे तिघं एकट्या थानासिसवर चालून आले. त्याने एकदा अडवला. पुन्हा अडवला. तिसऱ्यांदा चेंडू त्याच्या अंगावरून गेला. तो उठला, जाळीतून चेंडू काढून मधोमध फेकला, आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन दोन हात पसरून उभा राहिला.

मिशीवाला पायरीवर चढून ओरडला. सगळ्या पायऱ्या हसल्या.

आणि बसलिंगप्पा उभे राहिले.

"ओ पाव्हणं! हिकडं बघा! काय बोलायलाव? त्येनं एकट्यानं काय काय करावं? म्होरले धाजण काय हजामती करायलेत काय? त्येन्ला बोला की! जो उभा ऱ्हायलाय त्येलाच धरायलाव व्हय? खबरदार पुन्हा बोललाव तर. आमचं पोरगं हाय त्ये!"

पायऱ्या गप्प झाल्या. मिशीवाल्याने वळून बघितलं. ऋतुजाशी काहीतरी बोलला. ऋतुजा दोन वाक्यं बोलली. त्याने बसलिंगप्पांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तो खाली बसला.

"काय म्हणलं त्ये?"

"अप्पा, खाली बसा. ते त्याचे वडील आहेत."

"कुणाचे?"

"थानासिसचे. स्तेरगिओस."

बसलिंगप्पा बसले. "मग आदी सांगायचं न्हाई?"

"खेळ संपल्यावर ओळख करून देणार होते. हरताना ते कुणाशी बोलत नाहीत."

"आन् सोताच्याच पोराला शिव्या?"

"बाकीच्यांना बोलायला जागा राहू नये म्हणून ते आधीच ओरडतात, असं थानासिस म्हणतो."

बसलिंगप्पांनी यावर विचार केला. असा व्याही लातूर जिल्ह्यात तरी मिळाला नसता. "मी काय बोललो ते त्येन्ला सांगितलंस?"

"सांगितलं."

"समदं?"

"शेवटचं सांगितलं. ‘आमचं पोरगं’ म्हणालात ते."

तेवढ्यात पुढून एक हात आला. हातात बियांची पुडी होती. स्तेरगिओस मागे बघत नव्हता, नुसती पुडी धरून बसला होता. बसलिंगप्पांनी चार बिया घेतल्या.

ऋतुजा मैदानाकडेच बघत म्हणाली, "अप्पा, भांडणात बोललेलं मी धरणार नाही. तुम्ही अजून नाही म्हणू शकता."

बसलिंगप्पा दातांनी बी फोडत होते. समोर चौथा गोल झाला. थानासिस उठला, चेंडू काढून दिला, जागेवर गेला.

"हातात आलेला चेंडू बी सोडतंय ग त्ये," बसलिंगप्पा म्हणाले.

"हो."

"पन जागा न्हाई सोडलं."

"नाही."

"उलटून बोललं न्हाई कुणाला."

ऋतुजाचे डोळे भरले होते.

"आईला तुझ्या मी सांगतो," ते म्हणाले. "मला शिव्या खायची सवय हाय."

शिट्टी झाली. लोक हात खिशात घालून निघाले. ऋतुजा पायऱ्या उतरली आणि कठड्याखालून वाकून मैदानात शिरली. थानासिस जाळीशी बसून बुटांचे बंद सोडत होता. ती त्याच्याशेजारी गवतावर बसली आणि बोलू लागली. इतकं भरभर ती लातुरात कधी बोलल्याचं बसलिंगप्पांना आठवेना. मग दोघं हसली. कशाला, ते इथून कळायला मार्ग नव्हता.

पायऱ्यांवर आता दोघेच उरले होते. स्तेरगिओस एक पायरी मागे येऊन बसलिंगप्पांच्या शेजारी बसला. बोलण्यासारखं दोघांकडेही काही नव्हतं, म्हणजे असलं तरी उपयोग नव्हता. पलीकडे कोबीला कुणीतरी पाणी देत होतं.

ऋतुजा उठली. कपड्यांवरचं गवत झटकलं, आणि हात उंच करून तिने वडिलांना हाक मारली.

"एला, अप्पा! पामे!"

आपण ग्रीकमध्ये बोललो, हे तिच्या लक्षातही आलं नाही. ती पुन्हा थानासिसकडे वळली होती.

बसलिंगप्पा हातावर जोर देऊन उठले. स्तेरगिओसच्या खांद्याला त्यांनी हात लावला.

"चला," ते म्हणाले, "बोलवायलेत आपल्याला," आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागले.